डोळ्यांची शिबिरं भरतात, कानांची का नाही?

मा. संपादक,
स.न.

आपल्या अंकात मोतीबिंदू शिबिराची बातमी वाचली. काम चांगलंच आहे. पण यंत्रमागांच्या या गावात कान तपासायचं शिबिर भरल्याचं मी अजून वाचलेलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, इचलकरंजीत 34 वर्षं साधे माग चालवले. बारा तासांची पाळी, आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा. धोट्याचा तो खडखडाट मागघरात उभं राहून ज्यांनी ऐकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. आत माणसं खुणांनीच बोलतात. कुणी कापसाचा बोळा कानात घालतं, पण त्यानं फारसा आवाज अडत नाही. बऱ्याच जणांना तोही नको असतो, कारण मागाचं काही बिघडलं की ते आधी आवाजावरूनच कळतं.

अण्णा पन्नाशीला आले तसं आई म्हणायला लागली, "ह्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." रस्त्यावरचा ट्रक ऐकू यायचा, नातीचं बोलणं नाही. आम्ही घरच्यांनीच ठरवून टाकलं की मळ साचलाय. मग लसूण घालून कोमट केलेलं तेल झालं, बसस्टँडजवळचा कान कोरणारा झाला. त्यातून बहिरेपण गेलं नाहीच, वर कानात बुरशी झाली.

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी शांत खोलीत बसवून तपासणी केली. किती ऐकू येतं ते दाखवणारी कागदावरची रेघ 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्टीत, खाली कोसळलेली. मोठ्या आवाजानं कान जातो तो आधी तिथेच, असं त्यांनी समजावलं. स, श, फ असे बारीक आवाज पहिल्यांदा जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण 'सात' म्हटलं की 'हात' म्हटलं, ते कळत नाही. मळ काढता येतो, वाहणारा कान औषधानं सुकवता येतो, फाटलेला पडदा शस्त्रक्रियेनं बुजवता येतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मात्र एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. राहतं ते श्रवणयंत्र. अण्णांचं बहुतेक वेळा कपाटात असतं. त्यातून भांड्यांचा आवाज आधी येतो म्हणतात.

कारखान्यांच्या नियमांत रोज 90 डेसिबल (आवाजाचं माप) आवाजात आठ तास, 95 ला चार आणि 100 ला दोनच तास अशी मर्यादा आहे. बारा तासांच्या पाळीचं गणित ज्यानं त्यानं करावं. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारं बहिरेपण हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता आणि असा रुग्ण आढळला तर डॉक्टरांनी तो कळवायचा असायचा. पण चार-आठ मागांच्या शेड त्या कायद्यात बसतच नव्हत्या. अण्णा आयुष्यभर तशाच शेडमध्ये होते. त्यामुळे त्यांचे कान कुठल्याच वहीत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की डोळ्यांच्या शिबिरातच एक टेबल कानांचंही मांडावं. म्हाताऱ्यांपेक्षा मागावर नव्यानं उभ्या राहणाऱ्या विशीतल्या पोरांची तपासणी आधी व्हावी आणि दरवर्षी व्हावी, म्हणजे रेघ घसरायला लागल्याचं वेळेत दिसेल. कानात घालायचे फोमचे बोळे मोफत वाटले तरी संयोजकांचा खर्च फार वाढणार नाही. मागमालकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर हे एका महिन्यात होण्यासारखं आहे.

शिबिर ठरलंच तर ते मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा. या तपासणीला शांतता लागते आणि आमच्या गल्लीत ती एरवी मिळत नाही.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी