कपाटातल्या सहा शेअर प्रमाणपत्रांविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

निळ्या फाइलीत सापडलेल्या सहा शेअर प्रमाणपत्रांचे फोटो मी मोठे करून सावकाश पाहिले. बाबा, हे कागद घाऊक किमतीत विकत मागणाऱ्या गृहस्थांना अजून होकार देऊ नका आणि मागच्या बाजूच्या हस्तांतराच्या रकान्यात कुठेही सही करू नका. कोऱ्या रकान्यावर सही केलेला कागद हातून गेला, तर त्यावरचा हक्क पुन्हा सिद्ध करताना फार त्रास होतो.

आई, छापलेली रक्कम पाहून तू म्हणालीस की एवढ्याशासाठी कोण खटपट करणार. पण ते दर्शनी मूल्य आहे. आजच्या किमतीशी त्याचा काही संबंध नाही. साधा शेअर कंपनीकडे नेऊन मुदत ठेवीसारखा मोडता येत नाही, तो त्या दिवशीच्या बाजारभावाने विकावा लागतो. त्यामुळे कंपनीचे पुढे काय झाले आणि तुमच्या एका शेअरचे आज किती शेअर झाले, हे आधी शोधायला हवे. ॲपलने १९८७, २००० आणि २००५ मध्ये एकाचे दोन, २०१४ मध्ये एकाचे सात आणि २०२० मध्ये एकाचे चार शेअर केले. म्हणजे १९८७ च्या विभाजनापूर्वी घेतलेल्या एका शेअरचे आज २२४ होतात, आणि जुन्या कागदावर मात्र आकडा एकाचाच राहतो. याच्या उलटही घडते. कंपनी दिवाळखोरीत निघून तिचे विसर्जन झाले असेल, तर तो कागद फक्त संग्राहकांच्या उपयोगाचा उरतो. अर्थात अमेरिकेतले तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांची सही असलेल्या, त्यांच्याच स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रमाणपत्रांना संग्राहक आजही चांगली किंमत देतात.

सहापैकी चार कंपन्यांची नावे आज कुठे दिसत नाहीत, पण एवढ्यावरून त्या बुडाल्या असे मी धरणार नाही. नाव बदलले असेल किंवा दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झाले असेल, तर कंपनी नोंदणी कार्यालयात त्याची नोंद सापडते आणि विलीनीकरणाच्या प्रमाणानुसार नव्या कंपनीचे शेअर मिळू शकतात. त्यासाठी कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणीचे ठिकाण, तारीख, फोलिओ क्रमांक (भागधारकाचा खाते क्रमांक) आणि शेअरचे अनुक्रमांक मी उतरवून घेतले आहेत. त्यानंतर कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहून विचारायचे की भागधारकांच्या नोंदवहीत तुमची नावे अजून आहेत का आणि न घेतलेला लाभांश कुठे जमा आहे.

खरी अडचण मला नावांत आणि सह्यांत दिसते. दोन प्रमाणपत्रांवर आईचे माहेरचे नाव आहे, त्यामुळे नावबदलाचा पुरावा जोडावा लागेल. बाबा, तुमची तेव्हाची सही ठसठशीत, शेवटी लांब शेपटीची आहे. आता हात कापतो म्हणून ती जुळणार नाही, पण बँकेकडून सही प्रमाणित करून घेता येते, तेव्हा त्याची काळजी करू नका. हे जमले की शेअर डीमॅट करून, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात घेऊन, विकता येतील.

तोवर प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नका आणि फाइलीत लावण्यासाठी भोकेही पाडू नका, कारण रद्द झालेली प्रमाणपत्रे अनेकदा भोके पाडून ठेवतात. खरेदीच्या पावत्या आणि लाभांशाची जुनी पत्रे मात्र शोधा. विक्रीवरच्या कराचा हिशेब करताना मूळ किंमत दाखवावी लागते. रजिस्ट्रारला पाठवायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. तो वाचून ठेवा, मी आल्यावर तुम्ही दोघे माझ्यासमोर सह्या करा.

तुमची,
लेक