सोसायटीची गच्ची आणि आवार ठरावीक वेळेत खुले करण्याबाबत

पुणे, दि. ८ जून २०२०

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

स.न.वि.वि.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा समितीने गच्चीला कुलूप लावलं आणि बागेच्या वाटेवर दोरी बांधली. रोगाबद्दल कुणालाच फारसं कळत नव्हतं, त्यामुळे तो निर्णय योग्यच होता. पण आता परिस्थिती बदलली आहे. राज्य सरकारच्या 'मिशन बिगिन अगेन'च्या आदेशानुसार ३ जूनपासून सकाळी ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत मोकळ्या जागेत चालायला आणि व्यायामाला परवानगी मिळाली आहे. घोळका करायचा नाही आणि लहान मुलांसोबत मोठं माणूस हवं, एवढी अट आहे. रस्त्यावर चालता येतं आणि आपल्याच गच्चीवर येत नाही, हे मला पटत नाही.

हा आग्रह मुख्यतः ज्येष्ठांसाठी आहे. ६५ वर्षांवरच्यांनी गरजेशिवाय बाहेर पडू नये असं सरकार सांगतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तर त्यांच्यासाठी गच्ची हवी. आपल्या विंगमध्ये मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं घेणारे बरेच जण आहेत. रोज तळजाई टेकडीवर फिरायला जाणारी ही माणसं आता पलंग, जेवणाचं टेबल आणि टीव्ही एवढ्यातच फिरतात. चालणं थांबलं की साखर वाढते, गुडघे आखडतात. त्या वयात पायांतली ताकद फार लवकर जाते आणि परत यायला खूप वेळ लागतो. करोनापासून जपता जपता कुणी बाथरूममध्ये पडून खुबा मोडून घेतला, तर या दिवसांत त्यांना कुठल्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं?

मला भीती गच्चीची नाही, लिफ्टची वाटते. बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं या तीन गोष्टी टाळा, असं जपान सरकार मार्चपासून आपल्या लोकांना सांगत आहे. आपल्या लिफ्टमध्ये तिन्ही एकत्र येतात आणि तिथे मात्र मास्क हनुवटीवर असतो. लिफ्टमध्ये एका वेळी एकाच घरातली माणसं, एवढा नियम जरी वॉचमनदादांकडून पाळून घेतला तरी पुष्कळ आहे.

माझी सूचना अशी : सकाळी ६ ते ८ गच्ची फक्त ज्येष्ठांना द्यावी. विंगप्रमाणे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात, मास्क सक्तीचा आणि सहा फुटांवर चुन्याच्या खुणा. संध्याकाळी आवारात मुलं, तीही आईवडिलांपैकी कुणासोबत. पाऊस सुरू झाला की पार्किंगमधली एक बाजू गाड्या हलवून मोकळी करता येईल. वेळापत्रक ग्रुपवर टाकाच, पण लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डावरही मोठ्या अक्षरात लावा. कितीतरी आजीआजोबांकडे साधा फोन आहे आणि समितीच्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आता जास्त जड विषय. मागच्या महिन्यात एका कुटुंबात लागण झाली. काही तासांत त्यांचं नाव, फ्लॅट नंबर, अगदी रिपोर्टचा फोटोसुद्धा ग्रुपवर फिरला. त्यांच्या दारातली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच पडून होती. कचरा उचलायला कुणी जाईना. घरी परतल्यावर त्या वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "ताप सोसला हो, पण कुणी साधी चौकशी केली नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. यापुढे कुणाचंही नाव ग्रुपवर टाकू नये, असं समितीने स्पष्ट लिहून कळवावं. प्रत्येक विंगमधून दोघांनी जबाबदारी घ्यावी : दूध, भाजी, औषधं दाराशी ठेवायची, बेल वाजवून मागे सरायचं आणि रोज एक फोन करायचा. एकट्या राहणाऱ्यांनाही हा फोन हवाच. यंदा पालख्याही पायी जाणार नाहीत. दरवर्षी दर्शनाला जाणाऱ्या आपल्या आजींना त्याचं फार वाईट वाटतं आहे, आणि ते बोलून दाखवायला त्यांच्या घरात दुसरं माणूस नाही.

निसर्ग वादळाच्या दिवशी वीज गेली तेव्हा गॅलऱ्यांमधून हाका सुरू झाल्या होत्या, मेणबत्ती आहे का, पाणी आहे का. सगळे आपापल्या घरातच होते, तरी किती दिवसांनी शेजार असल्यासारखं वाटलं.

घरकामाच्या मावशींना गेटवरून परत पाठवण्याबद्दलही समितीने फेरविचार करावा. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना तरी आधी मुभा द्यावी.

सकाळच्या पाळीची नोंदवही ठेवायला आणि गच्चीची किल्ली सांभाळायला मी तयार आहे. रविवारच्या समितीच्या ऑनलाइन बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद