लंडनवारीत अ‍ॅशवेलसाठी एक दिवस ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेश सहलींवरची आपली पुरवणी वाचली. इंग्लंडच्या पानावर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे आणि सेंट पॉल कॅथेड्रल आहेत. ती जरूर पाहावीत. पण साध्या माणसाचे मध्ययुग भेटते ते गावच्या चर्चमध्ये, आणि त्याचा पुरवणीत उल्लेखही नाही.

हर्टफर्डशरमधल्या अ‍ॅशवेल गावचे सेंट मेरी चर्च मी पाहिले आहे. चौदाव्या शतकातली वास्तू, मनोरा १७६ फूट उंच. दगड खडूच्या जातीचा, टोकदार वस्तूने सहज कोरता येईल इतका मऊ. मनोऱ्याच्या तळाशी, आतल्या उत्तरेकडच्या भिंतीवर कुणीतरी प्लेगबद्दल लॅटिनमध्ये कोरून ठेवले आहे, त्याचा आशय असा: १३५० साल दयनीय, क्रूर, हिंसक, साक्षीला उरलाय तो लोकांतला गाळ. पुढे १३६१ मधल्या, सेंट मॉर या संताच्या दिवशीच्या (१५ जानेवारी) भयंकर वादळाची नोंद आहे. (तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. आजच्या हिशेबाने हे वादळ जानेवारी १३६२ चे.)

प्लेग १३४८ मध्ये इंग्लंडात शिरला आणि निदान एक तृतीयांश माणसे घेऊन गेला. पुस्तकात हा आकडा वाचून आपण पान उलटतो. त्या ओळींसमोरून मात्र पाय निघत नाही. १८९७ मध्ये याच रोगाने, रुग्णसेवा करता करता, सावित्रीबाईंचा बळी घेतला. त्याची दहशत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

तिथेच जुन्या सेंट पॉलचे मानले जाणारे रेखाटनही आहे, म्हणजे १६६६ च्या आगीपूर्वीच्या कॅथेड्रलचे. लंडनमध्ये आज उभे आहे ते नंतरचे. आणखी एका ठिकाणी बांधकामातले कोपरे नीट सांधले नाहीत म्हणून कुणीतरी संताप कोरला आहे! आपल्या गडांवर नावे खरडणाऱ्यांनी मात्र यात आधार शोधू नये. प्लेगची साक्ष लिहिणाऱ्याने स्वतःचे नावही मागे ठेवलेले नाही.

किंग्ज क्रॉसहून रेल्वेने जाता येते. स्टेशनपासून गाव दोनेक मैलांवर आहे. प्रार्थना चालू असेल तर थांबावे. बॅटरीचा उजेड भिंतीवर तिरका पाडला की अक्षरे उठून दिसतात. अशा चर्चच्या डागडुजीचा भार मुख्यतः तिथल्या गावकऱ्यांवर असतो, म्हणून दानपेटीत काहीतरी अवश्य टाकावे. पुढच्या पुरवणीत या गावोगावच्या चर्चना निदान एक पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली