सेव्हिलची सहल घड्याळ पाहून आखा

संपादक महोदय,

युरोपातल्या शनिवार-रविवारच्या सहलींवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात स्पेनमधल्या सेव्हिलचा दोन दिवसांचा आराखडा दिला आहे. ठिकाणांची निवड चांगली आहे, पण क्रम पार चुकला आहे. लेखाप्रमाणे शनिवारी दुपारी 4 वाजता प्लासा दे एस्पान्या आणि रविवारी सकाळी कॅथीड्रल पाहायचे आहे. रविवारी सकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालतात आणि पर्यटकांना दुपारी अडीचनंतरच आत सोडतात. आणि उन्हाळ्यात दुपारी 4 वाजता त्या उघड्या चौकात कोणी स्थानिक माणूस सापडणार नाही.

या दुसऱ्या गोष्टीमागे घड्याळाची गंमत आहे. सेव्हिल लंडनच्याही पश्चिमेला, सुमारे 6 अंश पश्चिम रेखांशावर आहे. तरी स्पेनचे घड्याळ 1940पासून बर्लिनच्या वेळेवर चालते आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे जाते. परिणामी जुलैत सूर्य माथ्यावर येतो दुपारी अडीचच्या सुमारास, पारा सर्वांत वर असतो संध्याकाळी पाच-सहाला आणि सूर्य मावळतो पावणेदहाच्या आसपास. चाळिशी ओलांडणारे दिवस तिथे नवलाचे नाहीत. 2022मध्ये तर या शहराने उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावे द्यायला सुरुवात केली. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांना चाळीस अंशांचे कौतुक नसेल, पण 'पाच वाजले, आता ऊन उतरेल' हा त्यांचा हिशेबही तिथे फसतो. जुन्या बाजारातल्या सिएर्पेससारख्या गल्ल्यांवर उन्हाळ्यात कापडी छत ताणलेले असते. दुपारी चालायचेच असेल तर त्या छताखालून चालावे, नाहीतर सरळ खोलीवर जाऊन झोपावे.

म्हणून शनिवारची सुरुवात अल्कासार राजवाड्याने करावी. तो साडेनऊला उघडतो. तिकीट वेळेचे आणि नावाचे असते. त्या वेळेच्या आधी कितीही लवकर पोहोचलात तरी आत घेत नाहीत आणि उशीर झाला तर प्रवेश मिळेलच असे नाही. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. तिकीट राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. मिळत्याजुळत्या नावांची दलालांची संकेतस्थळे शोधयंत्रात वर दिसतात आणि तेच तिकीट चढ्या दराने विकतात. वसंतात सकाळच्या वेळा बऱ्याच दिवस आधी संपतात. वरच्या मजल्यावरची राजघराण्याची दालने पाहायची तर वेगळे तिकीट लागते.

आत गेल्यावर बहुतेक जण पहिल्याच चौकात छायाचित्रे काढत बसतात. तसे न करता आधी थेट पेद्रो राजाच्या महालात जावे, म्हणजे मोठे गट यायच्या आत तो शांतपणे पाहता येतो. 1364च्या सुमारास या ख्रिस्ती राजाने हा महाल मुस्लिम शैलीत, त्या कलेतल्या कारागिरांकडून बांधून घेतला, त्यामुळे ख्रिस्ती राजाच्या भिंतींवर अरबी अक्षरे कोरलेली दिसतात. महालातल्या दासींच्या चौकातली खोलगट बाग तर कित्येक शतके फरशीखाली गाडलेली होती. या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन करून ती पुन्हा उघडी केली. राजदूतांच्या दालनाचा लाकडी घुमट 1427चा आहे. तिथे मान दुखेपर्यंत वर पाहावे. मागच्या बागांसह सगळ्याला अडीच तास तरी धरा. लेखात दिलेल्या एका तासात बागेपर्यंतही पोहोचणे होत नाही.

कॅथीड्रल समोरच्याच चौकापलीकडे आहे, तेव्हा शनिवारी दुपारी साडेबाराचे तिकीट सोयीचे पडते. जाड दगडी भिंतींमुळे आत गारवा असतो. कॅथीड्रलचा हिराल्दा हा मनोरा मूळचा बाराव्या शतकातल्या मशिदीचा. वर जायला पायऱ्यांऐवजी पस्तीसेक चढणी आहेत आणि अगदी शेवटी थोड्या पायऱ्या. बांग देणाऱ्याला जनावरावर बसून वर जाता यावे म्हणून ही रचना केल्याचे सांगतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही त्या चढणी झेपतात, पण लिफ्ट नाही. बाहेर पडल्यावर रोझमेरीची काडी हातात कोंबणाऱ्या बायका भेटतील. काडी घेतली की त्या हात धरून भविष्य सांगतात आणि पैसे मागतात. हात खिशात ठेवून पुढे चालू लागावे.

जेवण दुपारी दोन ते चार. रात्री साडेआठच्या आधी बहुतेक स्वयंपाकघरे सुरूच होत नाहीत. लेखातला 'सातला रात्रीचे जेवण' हा सल्ला ऐकणाऱ्याला फक्त पर्यटकांसाठी तापवलेला पाएया हा भात मिळेल. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. हरभरे घातलेली पालकाची भाजी हा सेव्हिलचाच पदार्थ आहे आणि उसाची काकवी घातलेली तळलेली वांगीही बऱ्याच ठिकाणी मिळतात. सापळा दुसरीकडे आहे. 'बेहेताल' नावाच्या सँडविचमध्ये भाज्यांबरोबर बहुधा ट्यूना मासा असतो. साल्मोरेखो या टोमॅटोच्या दाट गार सूपवर उकडलेले अंडे आणि डुकराचे मांस भुरभुरतात. शिवाय नुसते 'मांस नको' म्हटले तर हामोन, म्हणजे डुकराचे खारवून सुकवलेले मांस, येऊ शकते, कारण ते अनेकांच्या लेखी मांसात मोडतच नाही. 'सिन हामोन, सिन आतून', म्हणजे 'हामोन नको, ट्यूना नको', असे दोन्ही नावे घेऊन सांगावे.

रविवारी सकाळी आठ-नऊला प्लासा दे एस्पान्या. 1929च्या प्रदर्शनासाठी वास्तुविशारद आनिबाल गोन्सालेस यांनी उभारलेल्या या अर्धवर्तुळात स्पेनच्या 48 प्रांतांचे रंगीत फरशांचे कोनाडे आहेत. प्रवेश फुकट आणि त्या वेळी सावलीही असते. तिथून कलासंग्रहालय गाठावे. रविवारी ते दुपारी तीनला आणि सोमवारी पूर्ण बंद असते. सतराव्या शतकातला चित्रकार मुरिल्यो याच गावचा, त्याची मोठी चित्रे इथे आहेत. संग्रहालयासमोरच्या चौकात रविवारी सकाळी स्थानिक चित्रकार आपली चित्रे विकायला मांडतात. नदीपलीकडचे त्रियाना शनिवारी संध्याकाळसाठी राखावे, कारण तिथली मातीकामाची दुकाने पाहायची तर शनिवारी संध्याकाळीच उघडी सापडण्याची आशा असते. रविवारी नाही.

कधी जावे? शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना दिवाळीची सुट्टी उत्तम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे जाते, तेवढे परतीच्या विमानासाठी लक्षात ठेवा. इस्टरआधीचा आठवडा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारी एप्रिलची जत्रा या काळात हॉटेलांचे दर कडाडतात. जत्रेतले बहुतेक मांडव खासगी असतात आणि ओळखीशिवाय आत जाता येत नाही.

माद्रिदहून येणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळची वेगवान गाडी धरावी. अडीच तासांच्या आसपास सेव्हिलचे सांता हुस्ता स्थानक येते. गाडीत बसण्याआधी सामानाची तपासणी होते आणि सुटण्याच्या काही मिनिटे आधी फलाट बंद होतो, त्यामुळे आपल्याकडची धावती गाडी पकडण्याची कला तिथे चालत नाही. विमानतळावरून शहरात टॅक्सीचे भाडे ठरलेले असते, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते जास्त. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक खुलासा: पासपोर्ट भारतीय असेल तर ब्रिटनचा निवासी परवाना असूनही शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांना शुल्क 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा आणि अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी. तेव्हा विमानाचे स्वस्त तिकीट दिसले म्हणून पुढच्याच शनिवारचे काढू नये.

आपला,
एक वाचक, ठाणे