वडगावच्या सुतारमामांना

सुतारमामा, सा. न.

‘नावबिव काय लिहू नका, अक्का,’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

कपाट येऊन पंधरा दिवस झाले होते. तीन खोकी, मिळून नव्वद किलो. दुकानाच्या माणसाने घाईघाईत ते जोडलं आणि ‘कपाट भिंतीला बांधायची पट्टी ऑप्शनल असते, मॅडम’ म्हणत उरलेल्या स्क्रूंची पिशवी माझ्या हातात ठेवली. दारं उघडली की कपाट पुढे मान टाकायचं. फोन केला की ‘माणूस पाठवतो’. तो माणूस अजून वाटेतच आहे. मग आमच्या भावजींनी मशीन लावून स्क्रू आवळले. भुश्श्याची फळी ती, फुटलीच. माहितीच्या कागदावर नुसती चित्रं. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा हवी यावरून आपल्या बेळगावात रान पेटतं, आणि इथे एकही अक्षर नसलेला कागद घरात कुणालाच वाचता आला नाही!

तुम्ही आलात ते कपाटाकडे बघितलंही नाहीत. चपला काढता काढता विचारलंत, ‘लहान पोरं हाईत काय घरात?’

मामा, पंधरा दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही त्याचा विचार केला नव्हता, ते जास्त लागलं. माझा धाकटा अडीच वर्षांचा. खण दिसला की त्याला ती पायरीच वाटते. तिन्ही खण ओढून खालच्यात उभा राहिला असता तर, हे तुम्ही बोललाही नाहीत. त्याला शेजारच्या काकूंकडे पाठवा म्हणालात आणि मगच पिशवी उघडलीत.

पुढचं काय सांगू? सगळं उकलून वाकळेवर आडवं जोडलंत. सुतळीने दोन्ही कर्ण सारखे भरले, कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात बसलं, तेव्हाच पाठीची फळी ठोकलीत. सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट आडव्याचं उभं होताना सव्वासात फुटांहून जास्त उंची मागतं. माजघरात तुळईखाली तेवढी जागाच नव्हती, म्हणून सगळं पुढच्या खोलीत आणलंत. आधीच्या माणसाने ते उभ्यानेच का जोडलं, ते तेव्हा मला कळलं. मातीच्या गिलाव्यात स्क्रूची गट्टी धरत नाही, म्हणून भिंत ठोकून ठोकून आतला दगड शोधलात आणि पट्टी त्यात बसवलीत. शेवटी खालचा खण ओढून त्यावर स्वतः गुडघा टेकलात. कपाट हललं नाही.

पैसे घेतले नाहीत. कुंद्याचा डबाही ‘साखर आहे मला’ म्हणून परत केलात. पावती न मागता पोराची चौकशी करणारी माणसं अजून आहेत, एवढ्यानेच मला कितीतरी बरं वाटलं.

काल धाकटा खणात उभा राहून मला हाका मारत होता. ओरडले त्याला, पण हात थरथरत होते.

तुमची सुतळी इथेच राहिली आहे. न्यायला या, बिनसाखरेचा चहा करते.

— शहापूरची अक्का