'पीई'चा विषय निवडताना राज्य पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या अभियंता परवान्यावरचा लेख वाचला. 'सिव्हिलचा अभ्यासक्रम अवाढव्य, त्यापेक्षा पर्यावरण घेऊन पीई व्हा' हा त्यातला सल्ला पटला नाही. ('पीई' म्हणजे 'प्रोफेशनल इंजिनीअर' हा परवाना आणि त्यासाठीची परीक्षाही.) मी सांगलीची, तिथूनच बी.ई. सिव्हिल झाले; सध्या ओहायोत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे डिझाइन करते. एम.एस. संपवणारी आपली मुले हाच प्रश्न घेऊन फोन करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे पदवी हातात पडली की माणूस इंजिनीअर. इथे नकाशावर सही-शिक्का मारायचा तर आधी एफई ही मूलभूत विषयांची परीक्षा, साधारण चार वर्षे परवानाधारकाच्या हाताखाली काम आणि पीई. परीक्षा 'एनसीईईएस' ही देशपातळीवरची संस्था घेते, परवाना मात्र राज्याचे मंडळ देते. लेखात नेमके हेच निसटले. ओहायोसारख्या बऱ्याच राज्यांत परवाना नुसता 'प्रोफेशनल इंजिनीअर' म्हणून मिळतो; आपल्याला जे येते त्यावरच सही करायची, ही जबाबदारी ज्याची त्याची. कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी. १९२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्रीच्या सुमारास फुटले, चारशेहून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे सिव्हिल इंजिनीअरांच्या नोंदणीचा कायदा झाला. तिथे सिव्हिलचे काम आजही सिव्हिलच्या परवान्यावरच चालते. पर्यावरण हा विषय परवान्यांच्या यादीतच नाही. सिव्हिलवाल्यांनाही भूकंप आणि सर्वेक्षण असे दोन जादा पेपर द्यावे लागतात, ते वेगळेच.

आता एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने विचार करावा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस. ती ओहायोतल्या सिनसिनाटीत मिळेल की कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत, हे काही आपल्या हातात नसते. पाण्याच्या कामात असाल आणि मूळ पदवी सिव्हिलची असेल, तर मी बिनदिक्कत सिव्हिल सांगते, शाखा 'जलसंपदा व पर्यावरण'.

'अवाढव्य' हा शब्दही आता जुना झाला. पूर्वी सिव्हिलच्या पाचही शाखांना एक सामाईक भाग असे; एप्रिल २०२४ पासून तो गेला. ८० प्रश्न, तेही निवडलेल्या शाखेचेच. जलविज्ञान, हायड्रॉलिक्स, पिण्याचे पाणी, सांडपाणी, जोडीला थोडी माती आणि बांधकाम. उलट पर्यावरणाच्या पेपरात हवाप्रदूषण, घातक कचरा, दूषित जमिनीची सफाई असते. बी.ई. सिव्हिलला यातले आपण किती शिकलो होतो? सोपे, पण कोणाला?

माझा एक सहकारी केमिकलचा आहे, कारखान्यांच्या हवा-परवानग्या करतो. त्याने पर्यावरणच घेतले आणि ते बरोबरच होते. नाल्या-पाइपांतल्या प्रवाहाचे मॅनिंगचे सूत्र घेऊन तो काय करणार?

पेपर कोणताही घ्या, कॉलेजातला कॅसिओ एफएक्स-९९१ कॅल्क्युलेटर बरोबर आणा, तो चालतो. एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) मात्र विसरा; इथे मिलियन गॅलन आणि पाउंड. ८.३४ हा गुणक, म्हणजे एक गॅलन पाण्याचे पाउंडातले वजन, झोपेतून उठवले तरी सांगता आला पाहिजे.

४०० डॉलर शुल्क भरण्याआधी दोन-तीन राज्यांच्या मंडळांचे नियम वाचावेत आणि आपल्या वरिष्ठाला सरळ विचारावे, पुढे माझ्याकडून कोणत्या नकाशांवर सही अपेक्षित आहे?

ता. क. : बरीच राज्ये भारतीय पदवीचे मूल्यमापन मागतात आणि त्यासाठी गुणपत्रके विद्यापीठाकडूनच यावी लागतात. त्याची चौकशी विमानात बसण्याआधी करा. इथून फोनवर ते काम होता होत नाही.

— एक वाचक, कोलंबस, ओहायो