छावण्या दोन हुकमांच्या, कागद एकाच बाजूचे : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : १९७१ मधील मुक्तिवाहिनी व मुजीबवाहिनीच्या प्रशिक्षण छावण्यांची कागदपत्रे

महोदय, स. न. वि. वि.

युद्ध-इतिहासाच्या नोंदींबाबत आपल्या मंत्रालयाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या धोरणात एक भगदाड आहे. इतिहास लिहिण्यासाठी जी समिती नेमायची, तीत सेनादले, परराष्ट्र मंत्रालय, गृह मंत्रालय आणि इतर संस्था यांचे प्रतिनिधी आहेत. मंत्रिमंडळ सचिवालयाचा नावानिशी उल्लेख नाही. एरवी हे खपून गेले असते. १९७१ च्या बाबतीत खपणार नाही, कारण पूर्व बंगालच्या तरुणांना शस्त्रे शिकवणाऱ्या छावण्यांवर त्या वर्षी दोन वेगळे हुकूम चालत होते आणि त्यांतला एक थेट त्या सचिवालयातून निघत होता.

पहिली साखळी मुक्तिवाहिनीची, म्हणजे पाकिस्तानशी लढणाऱ्या बांगलादेशी फौजेची; ती बरीचशी माहितीतली आहे. सुरुवातीला सीमा सुरक्षा दलाने काम रेटले. मेच्या मध्यापासून ते लष्कराच्या पूर्व विभागाकडे (ईस्टर्न कमांडकडे) आले. सीमेलगत अल्फा ते फॉक्सट्रॉट असे सहा विभाग पाडले गेले. त्रिपुरातला डेल्टा ब्रिगेडियर शाबेग सिंग यांच्याकडे, मेघालयातल्या तुऱ्याचा फॉक्सट्रॉट ब्रिगेडियर संत सिंग यांच्याकडे, चार्लीचे ठाणे तेव्हाच्या बिहारातल्या चाकुलियाला. मुले आधी युवा शिबिरांत जमत. तिथे बांगलादेशच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या अवामी लीग पक्षाचे लोकप्रतिनिधी निवड करत, त्यामुळे डाव्या संघटनांची मुले बहुधा तिथेच गळत. निवडलेल्यांना तीन-चार आठवडे रायफल, स्टेनगन, हातबॉम्ब, स्फोटके शिकवून परत सीमेवर पाठवायचे.

खरी ओढाताण त्यानंतर सुरू होई. जुलैतल्या बैठकीत मुक्तिवाहिनीचे सरसेनापती कर्नल ओस्मानी यांच्या हाताखाली ११ सेक्टर ठरले. कागदोपत्री मुले त्या त्या बांगलादेशी सेक्टर कमांडरची. पण दारूगोळा अल्फा ते फॉक्सट्रॉट यांपैकी त्या त्या भारतीय विभागाच्या कोठारातून निघे, आणि ज्याच्या हाती कोठार तोच लक्ष्य ठरवी. शिवाय कच्च्या शिक्षणावर झुंडीच्या झुंडी आत सोडायच्या, की थोडीच मुले घेऊन जास्त दिवस घासायची, यावरही एकमत नव्हते. पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब दुसऱ्या मताचे होते. संख्येचा आग्रह जिंकला.

दुसरी साखळी मुजीबवाहिनीची, म्हणजे बांगलादेश लिबरेशन फोर्सची. शेख फजलुल हक मणी, सिराजुल आलम खान, अब्दुर रझ्झाक आणि तोफायल अहमद हे तिचे चार नेते. शिक्षण डेहराडूनजवळ तांडुआ येथे आणि आसामात हाफलाँगला. शिकवणारे स्पेशल फ्रंटियर फोर्स या गुप्त कमांडो दलाचे मेजर जनरल सुजानसिंग उबान. ते मंत्रिमंडळ सचिवालयाखालच्या रॉ या गुप्तचर संस्थेचे प्रमुख रा. ना. काव यांना जबाबदार, पूर्व विभागाला नव्हे. बांगलादेशच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांना आपल्याच देशाच्या नावाने उभी राहणारी ही फौज आधी कोणी कळवली नव्हती. त्यांनी तक्रार केली, ओस्मानींनी केली, पूर्व विभागाचे प्रमुख जनरल अरोरांनीही केली. सीमेजवळ मुक्तिवाहिनी आणि खोल आत मुजीबवाहिनी अशी वाटणी सुचवली गेली; पण आत जायची वाट सीमेवरूनच जाते! सेक्टर कमांडरला पूर्वसूचना नसलेली सशस्त्र टोळी त्याच्या हद्दीतून निघाली की एक तर ती अडवली जाई, नाही तर गोळी सुटे. दोन्ही वाहिन्यांत चकमकी झाल्या त्या अशा. २१ नोव्हेंबरला भारत-बांगलादेश संयुक्त कमान उभी राहिली, तेव्हाही ही गाठ पुरती सुटली नव्हती.

एवढे सांगायचे कारण असे की, यांतला कोणताही तंटा एका बाजूच्या कागदांवरून तपासता येत नाही. एका चकमकीसाठी किमान चार गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात : छावणीची नावनिशीवार यादी, शस्त्रे दिल्याची नोंदवही, सीमा ओलांडल्याची तारीख व ठिकाण, आणि भारतीय विभागाची युद्ध-दैनंदिनी. पूर्व विभागातल्या बऱ्याच नोंदी युद्धानंतर नष्ट केल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. मग उरते ती सचिवालयाची बाजू, आणि रॉ तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ खाली जवळजवळ पूर्ण बाहेर.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. १९७१ पुरता का होईना, समितीवर मंत्रिमंडळ सचिवालयाचा प्रतिनिधी घ्यावा. तांडुआ आणि हाफलाँगच्या याद्या, शस्त्र-नोंदी आणि तिन्ही तक्रारींवरचा पत्रव्यवहार २५ वर्षांच्या नियमाने तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावा. हेर आणि खबरी यांची नावे खुशाल झाका. आम्हाला तारखा, आकडे आणि सह्या हव्यात.

सूची करताना एक सापळा आहे, तो आताच सांगून ठेवतो. ‘ऑपरेशन जॅकपॉट’ हे नाव छावण्यांच्या सगळ्या व्यवस्थेलाही होते आणि १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज येथे जहाजे उडवणाऱ्या नौदल कमांडोंच्या मोहिमेलाही. ते कमांडो पलाशीला भागीरथीच्या पात्रात शिकले, आणि हद्द नसलेल्या दहाव्या सेक्टरचे म्हणून थेट ओस्मानींच्या मुख्यालयाशी जोडलेले. नुसत्या नावावरून फायली लावल्या तर तिसरीच साखळी पहिलीत मिसळून जाईल. छावणीच्या ठिकाणावरून लावाव्यात.

याद्यांच्या प्रती ढाक्यालाही पाठवाव्यात. तिथे मुक्तियोद्धा असल्याचा पुरावा म्हणून ‘भारतीय यादी’ आजही धरली जाते, आणि नाव गाळले गेल्याच्या तक्रारी घेऊन येणारे अर्जदार आता सत्तरीच्या पुढे आहेत.

आपले,
१९७१ च्या लष्करी कागदपत्रांचे काही अभ्यासक